कुत्र्यासाठी कर्ज

आपल्या या कार्यक्रमात शेळीचं खाणं, शेळीचा विमा, शेळीचं बाळंतपण सगळं बोलून झालं. आज शेळीच्या राखणदाराबद्दल बोलायचंय, आणि तेही जरा लांबून, इतिहासातून. लांबून का, तर जवळून बघताना माझी चूक झाली.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले, आणि एका मावशींनी कर्ज मागितलं. त्यांची वस्ती गावापासून दीड किलोमीटर आत, तिन्ही बाजूंनी ऊस. आठवड्यापूर्वी बिबट्यानं गोठ्याचा कूड फोडून त्यांची गाभण शेळी नेली होती आणि दुसरीचं नरडं धरून तिला तिथंच टाकली होती. मावशी म्हणाल्या, "पंधरा हजार पायजेत. कुत्रा घ्यायचाय. मोठा, राखणीचा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, दवाखान्याला देतो. पण कुत्र्याला? अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि इतिवृत्तात ओळ पडली: 'उत्पादक कारण नाही, नामंजूर.'

मावशींच्या मुलानं बाहेरून पैसे उचलले. मोबाइलवर फोटो बघून कुत्रा ठरवला आणि शहरातून टेम्पोत घालून आणला. पांढरा, केसाळ, वासराएवढा, वय आठ-नऊ महिने. त्याला फाटकाजवळच्या खांबाला साखळीनं बांधला. बघायला आख्खं गाव आलं. रात्रभर तो भुंकायचा, दिवसभर धापा टाकायचा, आणि आठ-आठ भाकरी खायचा. दोन महिन्यांनी, आता रुळला असेल म्हणून त्याला सोडला, तर तो शेळ्यांमागं धावत सुटला. खेळायला धावला की मारायला, कोण जाणे. एक करडू त्यात गेलं. बिबट्यानं दोन नेल्या, कुत्र्यानं तिसरं. मावशींनी तो कुणाला तरी देऊन टाकला आणि कर्ज मात्र अजून फेडतायत.

गावात म्हणाले, जातच वाईट होती. मला ते पटेना. माझं बीए इतिहासात झालंय. इतिहास म्हणजे आम्हाला राजे, लढाया आणि तह. त्यात कुत्र्याला भाकर घालणाऱ्या बाईचं काय असणार, असं मलाही वाटायचं. पण मेंढरं-शेळ्या माणसानं हजारो वर्षं राखल्यात, लांडगा काही आज आलेला नाही. मग आधीच्या लोकांनी हे कसं केलं? कुठंतरी लिहून ठेवलंच असेल की.

ठेवलंय. सुमारे दोन हजार साठ वर्षांपूर्वी इटलीत, रोमन लोकांच्या काळात, वॅरो नावाचा एक विद्वान होता. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यानं शेतीवर तीन भागांचं पुस्तक लिहिलं. त्यातला पहिला भाग कुणासाठी लिहिला? बायकोसाठी. तिचं नाव फुंदानिया. तिनं जमीन विकत घेतली होती आणि ती चांगली कसावी, फायद्यात यावी म्हणून तिला माहिती हवी होती. सेनापती नाही, राजा नाही, सातबारा हातात असलेली बाई! पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर मी मोबाइलवर मिळवलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून चार रात्री वाचलं. दुसरा भाग जनावरांचा, आणि त्यात कुत्र्यांवर एक अख्खं प्रकरण आहे.

वॅरो स्वतः मेंढरांचा मालक. त्याची मेंढरं हिवाळ्यात दक्षिणेकडच्या सपाट मुलखात चरायची आणि उन्हाळ्यात डोंगरावर जायची. आपले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या आधी माघारी येतात, तसंच. म्हणून तो लिहितो ते घरात बसून लिहिल्यासारखं वाटत नाही.

कुत्रा शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून घेऊ नका, असं तो सांगतो. खाटकाचा कुत्रा कळपामागं चालायला आळशी, आणि शिकाऱ्याचा कुत्रा ससा दिसला की मेंढरं टाकून त्याच्यामागं जाणार. घ्यायचा तर मेंढपाळाकडूनच, ज्याला मेंढरांबरोबर चालायची सवय आहे असा, नाहीतर ज्याला अजून कसलीच सवय लागलेली नाही असा. इथं मी थांबले. मावशींच्या मुलानं कुत्र्याचा रंग विचारला होता, उंची विचारली होती, आई-बापाचा फोटो मागितला होता. तो आजवर कुणात वाढला, हे मात्र विचारलं नव्हतं. आठ-नऊ महिने तो शहरातल्या फरशीवर वाढला होता. शेळी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

पुढं खाण्याचं. मेंढरांना चारा आहे, कुत्र्याला माणसासारखं अन्न लागतं, आणि ते घातलंच पाहिजे. उपाशी राहिला तर तो कळप सोडून पोटामागं जाईल. दुधात भिजवलेली जवाची भाकर घाला, हाडांचं कालवण घाला, पण मेलेल्या मेंढराचं मांस त्याला खाऊ देऊ नका, चव लागली की तो आवरायचा नाही. बायांनो, हे ऐकून हसू येतं, कारण आपल्या आज्या हेच सांगायच्या. फरक एवढाच, की आज्यांचं कुणी लिहून घेतलं नाही.

मग पट्ट्याचं. जाड कातड्याचा पट्टा, त्यात बाहेरच्या बाजूनं खिळे, आणि खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला टोचू नयेत म्हणून आतून मऊ कातडं शिवायचं. त्याचं कारणही तो देतो. लांडगा नरडं धरतो. एकदा त्याच्या तोंडाला खिळा लागला, की ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही अशा कुत्र्यांच्याही वाटेला तो जात नाही.

आणि घराजवळच्या कळपाला एक नाही, दोन कुत्रे ठेवा, एक नर आणि एक मादी. एकाच्या जोरावर दुसरा जोर धरतो, आणि एक आजारी पडला तरी कळप उघडा पडत नाही. रंगाला पांढरा असला तर बरा, अंधारात ओळखू येतो. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी कोलुमेला नावाचा दुसरा लेखक झाला, तोही पांढराच सांगतो, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून आपणच कुत्र्याला मारायला नको. घराच्या राखणीला मात्र तो काळा कुत्रा सांगतो. चोराला दिवसा बघून धडकी भरते आणि रात्री तो दिसत नाही. आजही युरोपातल्या मेंढरांच्या राखणीच्या बऱ्याच जाती पांढऱ्या आहेत. मावशींच्या मुलानं पांढरा निवडला तो दिसायला छान म्हणून. कारण विसरलं, रंग राहिला.

वॅरोनं एक गोष्ट सांगितलीय. एका माणसानं इटलीच्या वरच्या भागात मेंढरांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे आले, पण मेंढपाळ नाही. मेंढपाळांनी फक्त मेंढरं दक्षिणेला पोचवून द्यायची आणि घरी परतायचं, असं ठरलं. तसं त्यांनी केलं. थोड्या दिवसांनी ते कुत्रे आपणहून निघाले, कित्येक दिवसांची वाट रानात मिळेल ते खात चालले, आणि आपल्या माणसांकडं परत आले. नव्या मालकानं पैसे तर पुरे मोजले होते. याच ठिकाणी वॅरो एका जुन्या लेखकाची चेष्टा करतो. कुत्रा आपल्यामागं यावा म्हणून त्याला शिजवलेला बेडूक टाका, असं त्या लेखकानं लिहून ठेवलं होतं. या कुत्र्यांना कुणी बेडूक टाकला नव्हता, असं तो म्हणतो. तेव्हाही असले उपाय विकणारे होते तर.

पण कुत्रा शेळ्या-मेंढ्यांना आपलं मानतो तो नेमका कसा? याचं सगळ्यात स्पष्ट वर्णन मला सापडलं ते चार्ल्स डार्विनच्या प्रवासाच्या पुस्तकात. सगळे सजीव समान पूर्वजांपासून कसे उत्क्रांत झाले हे सांगणारा, शाळेच्या पुस्तकातला तोच डार्विन. १८३३ साली तो दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात फिरत होता. तिथं त्याला मैलोन् मैल घर नाही, माणूस नाही अशा माळावर मेंढरांचे मोठे कळप दिसले, आणि राखणीला फक्त एक-दोन कुत्रे. त्याला नवल वाटलं, म्हणून त्यानं चौकशी केली.

पिल्लू अगदी लहान असताना आईपासून काढायचं. मेंढरांच्या वाड्यातच त्याला लोकरीचं अंथरूण करून द्यायचं. दिवसातून तीन-चार वेळा एखादी मेंढी धरून पिल्लाला तिचं दूध पाजायचं. दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही, घरातल्या पोरांत खेळू द्यायचं नाही. असं वाढलेलं पिल्लू मोठं झालं की त्याला मेंढरांना सोडून जावंसंच वाटत नाही. दुसरा कुत्रा आपल्या धन्याला राखतो, तसा हा मेंढरांना राखतो.

डार्विननं एक गंमत पाहिली. हा कुत्रा रोज एकदा घराकडं आपलं मांस न्यायला यायचा. मिळालं की लाजल्यासारखा, शेपूट खाली घालून पळ काढायचा. घरची लहान-लहान कुत्रीसुद्धा त्याच्या अंगावर धावून जायची. पण एकदा का तो आपल्या मेंढरांपाशी पोचला, की वळून उभा राहायचा आणि भुंकायचा, आणि मागं लागलेली ती सगळी घरची कुत्री शेपूट घालून पळायची.

ते वाचताना मला मावशींचा खांबाला बांधलेला कुत्रा आठवला. त्याच्यामागं कुणीच नव्हतं. ज्यांच्यासाठी उभं राहायचं, ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

आता अमेरिकेचं ऐका. तिथल्या लोकांनी लांडगे जवळजवळ संपवले, आणि लांडग्यासारखाच पण लहान असा कोयोट नावाचा प्राणी असतो, त्याला विष घालून मारत राहिले. १९७२ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी जमिनीवर असं विष घालायला बंदी केली. मेंढपाळ अडचणीत आले. मग रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर हे नवरा-बायको इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया अशा देशांत फिरले आणि तिथल्या मेंढपाळांकडून पिल्लं आणून अमेरिकेतल्या शेतकऱ्यांकडं देऊन बघू लागले. कित्येक वर्षं त्यांनी नोंदी ठेवल्या. निष्कर्ष काय, तर जातीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पिल्लू पहिल्या चार महिन्यांत कुणात वाढलं. तो काळ गेला की नंतर शिकवून फारसं साधत नाही. उरुग्वेच्या मेंढपाळांना हे दीडशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं, पण लांडगा संपला की राखणही लोक विसरतात, आणि मग सगळं पहिल्यापासून शोधायला लागतं.

आफ्रिकेतल्या नामिबियातही तसंच झालं. आपल्याकडं मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आठ चित्ते आणले, ते त्याच देशातले. तिथले शेतकरी चित्ता शेळ्या-वासरं मारतो म्हणून त्याला दिसेल तिथं गोळी घालायचे, हजारोंनी मारले. लॉरी मार्कर नावाच्या बाईंनी १९९० मध्ये तिथं चित्त्यांसाठी संस्था काढली, आणि १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्कस्तानच्या जातीच्या राखणदार कुत्र्यांची पिल्लं द्यायला सुरुवात केली. तुर्कस्तानात सिवास भागात कंगाल नावाचं गाव आहे, त्याच्या नावाची ही जात. अंग पिवळसर, तोंड काळं, आणि माणसाच्या कमरेला लागेल एवढी उंची. पिल्लू आलं की थेट शेळ्यांच्या वाड्यात. ते चित्त्याशी झुंज घ्यायला नव्हतं. चित्ता तसा भित्रा, मोठा कुत्रा भुंकत समोर उभा राहिला की तो जखमी व्हायच्या भीतीनंच निघून जातो. शेळ्या वाचल्या आणि शेतकऱ्याची बंदूकही खाली आली. अडचणीही आल्या. कुणाचा कुत्रा हरणांमागं पळायचा, कुणाचा शेळ्या सोडून घरीच बसायचा, कुणी वयात येताना करडांना खेळता-खेळता इजा केली. म्हणजे मावशींचं दुःख जगावेगळं नव्हतं. पिल्लू दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्यावर पुरा भरवसा टाकायचा नसतो आणि नजर ठेवायची असते, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

याच कंगालचं नाव मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं धोकादायक म्हणून बंद करायला सांगितलेल्या २३ जातींच्या यादीत होतं. कर्नाटकच्या उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं. माझं मत विचाराल तर, शंभर शेळ्यांत वाढलेला हा कुत्रा आणि फ्लॅटच्या गॅलरीत साखळीला बांधलेला हा कुत्रा, ही दोन वेगळी जनावरं आहेत.

आपल्या देशातही हे ज्ञान मेलेलं नाही. हिमाचलच्या चंबा-कांगड्याकडं गद्दी लोक मेंढरं घेऊन उंच डोंगर ओलांडतात. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यापासून वाचायला लोखंडी काट्यांचे पट्टे असतात, वॅरोनं लिहिले तसेच. २०२५ मध्ये गद्दी कुत्र्याला कर्नालच्या सरकारी संस्थेनं अधिकृत भारतीय जात म्हणून नोंदवलं. आणि आपल्या धनगरांचे कुत्रे बघा. ते वाड्यावरच जन्मतात, मेंढरांतच डोळे उघडतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, ते उगीच नाही. वाड्यावर घोड्यावर बिऱ्हाड लादणारी बाईच, नव्या मुक्कामी तीन दगडांची चूल मांडणारी बाईच, आणि शेवटची भाकर कुत्र्याला टाकणारीही तीच. पण 'धनगराचा कुत्रा' म्हटलं की आपल्याला काठी घेतलेला बाप्या दिसतो.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. आपल्याकडं लांडग्यापेक्षा बिबट्या जास्त. डॉ. विद्या अत्रेय यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तर त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणजे उसाच्या कडेला रात्री एकटा, साखळीला बांधलेला कुत्रा हा राखणदार नाही, बिबट्याचं ताट आहे. त्याला पळताही येत नाही. म्हणून रात्री शेळ्या बंद गोठ्यात, जाळी वरूनसुद्धा, आणि कुत्रे आत शेळ्यांबरोबर. ते ओरडले की माणसानं उजेड घेऊन उठायचं. गोठा उघडा ठेवून कुत्र्याच्या जिवावर झोपणं ही राखण नाही.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. आधी इतिवृत्तातली ती ओळ वाचून दाखवली आणि ती मी लिहायला लावली होती हेही सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत. मग हिशेब मांडला. कुत्र्याची किंमत शून्य, कारण धनगरांच्या वाड्यावर पिल्लू मागितलं तर देतात. खर्च आहे तो रोजच्या पिठाचा, दरवर्षीच्या रेबीजच्या लसीचा आणि गोठ्याच्या जाळीचा. पिठाचा हिशेब आजवर कुठल्याच घरात झालेला नाही, कारण ते बाईच्या डब्यातलं पीठ. एकजण म्हणाली, "मग हे उत्पादक कारण आहे का नाही, ते ठरवा." ठरवायला तासभर लागला, आणि भांडणही झालं. एकीचं म्हणणं, आज कुत्र्याला दिलं तर उद्या मांजराला मागतील. शेवटी अंतर्गत कर्जाच्या वहीत नवा शब्द घातला: 'राखण'. जाळीसाठी नऊ हजार आणि सहा महिन्यांच्या पिठासाठी तीन. मावशींचं बाहेरचं कर्ज मात्र अजून आहे, ते गटानं घ्यायचं का यावर पुढच्या बैठकीत पुन्हा भांडण आहे.

दिवाळीनंतर गावाबाहेर उतरलेल्या वाड्यावरून मावशींनी दोन पिल्लं आणली, एक नर, एक मादी. तिथल्या धनगरीण बाईंनी पैसे घेतले नाहीत. फक्त मावशींना विचारलं, शेळ्या किती, कुठं बांधता, आणि भाकर कोण घालणार.

परवा मी वस्तीवर गेले होते. पिल्लं तीन महिन्यांची झालीत. एकानं करडाचा कान तोंडात धरला होता, तर शेळीनंच त्याला शिंगानं उडवून लावलं. मी पोळीचा तुकडा दाखवून "यू यू" केलं. दोघांनी माझ्याकडं बघितलं आणि ती शेळीच्या पोटाखाली जाऊन बसली.